एका बेडभोवती सहा ॲप्रन

केस पेपरवर लिहिलेलं होतं, ‘भरपूर पाणी द्यावे.’ पेशंट १४ वर्षांचा, गडचिरोली जिल्ह्यातून आलेला, सिकलसेलचा. पाय, कंबर आणि बरगड्या ठणकतात म्हणून दोन दिवसांपूर्वी दाखल झालेला. मे महिना, नागपूरचा पारा ४५ अंशांवर, वॉर्डात कूलर घुमत होता. सलाईन चालू होतं, दुखण्याचं इंजेक्शन वेळेवर मिळत होतं, तपासण्याही झाल्या होत्या. तरी पोराच्या उशाशी ठेवलेली पाण्याची बाटली सकाळपासून तशीच भरलेली.

त्या दुपारी आम्ही त्या बेडभोवती सहा विद्यार्थी आणले होते. एमबीबीएसची मुलगी, बीएस्सी नर्सिंगचा मुलगा, फिजिओथेरपीची एक, ऑक्युपेशनल थेरपीची (पेशंटला रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारी शाखा) एक, फार्म-डीचा (फार्मसीचा) एक आणि लॅब टेक्निशियनचा कोर्स करणारा एक. ॲप्रन सगळ्यांचे पांढरेच, खिशावरची पाटी तेवढी वेगळी. मी नर्सिंग शिकवते. माझ्यासोबत मेडिसिनचे एक सर होते. पहिला अर्धा तास आपण दोघांनी तोंड उघडायचं नाही, असं आमचं आधीच ठरलं होतं.

एमबीबीएसच्या मुलीने आजार छान सांगितला. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढे रक्त पोचत नाही, म्हणून ठणका लागतो. अंगातलं पाणी कमी झालं की हे आणखी वाढतं. नर्सिंगच्या मुलाने ते ऐकलं, एकदा बाटलीकडे पाहिलं आणि पेशंटकडे वाकून विचारलं, “मग पाणी का पीत नाहीस रे?”

पोरगा गप्प. उत्तर आईने दिलं. “पानी पेला का लघवीले जा लागते जी. संडास त्या टोकाले. चालतानी लय दुखते त्याले. म्हून पेतच नाई तो.”

युरिन पॉट दिलेला होता. पण भरल्या वॉर्डात, आडोसा नसताना, १४ वर्षांचा मुलगा तो वापरायला तयार नव्हता. हे कोणाच्याच कागदावर नव्हतं. डॉक्टरांनी पाणी लिहिलं होतं, सिस्टरांनी बाटली ठेवली होती, दोघांनीही आपलं काम चोख केलं होतं. पुढची पंधरा मिनिटं त्या सहा जणांनी आपसात बोलून काढली. फिजिओथेरपीच्या मुलीने त्याला चार पावलं चालवून पाहिलं आणि वॉकर मागवला. बेड दाराजवळच्या कोपऱ्यात हलवायचं ठरलं, बाजूच्या वॉर्डातून पडदा आणला. संध्याकाळी मी परत गेले तेव्हा आई बाटली दुसऱ्यांदा भरून आणत होती.

या प्रकाराला वैद्यकीय शिक्षणात इंटरप्रोफेशनल एज्युकेशन म्हणतात. मराठीत कोणी ‘आंतरव्यावसायिक शिक्षण’ लिहितात, पण वॉर्डात हा शब्द मी अजून कोणाच्या तोंडी ऐकलेला नाही. मी ‘एकत्र शिकणं’ एवढंच म्हणते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली याची जी व्याख्या मांडली तिचा सारांश असा: दोन किंवा अधिक व्यवसायांचे विद्यार्थी एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकतात, त्यातून त्यांचं एकत्र काम सुधारतं आणि त्याचा फायदा पेशंटला होतो. हा विचार त्याहून जुना आहे. याच संघटनेच्या तज्ज्ञगटाचा ‘आरोग्यासाठी एकत्र काम करायला एकत्र शिका’ अशा आशयाचा अहवाल १९८८ सालीच आला होता, आणि त्याच्या आदल्या वर्षी ब्रिटनमध्ये फक्त या कामासाठी एक संस्थाही सुरू झाली होती.

व्याख्येतला सगळा जीव ‘बद्दल’, ‘कडून’ आणि ‘सोबत’ या तीन शब्दांत आहे. तिन्ही सारखे अवघड नाहीत.

‘सोबत’ सगळ्यात सोपं, आणि गैरसमजही त्याच्याबद्दलच सगळ्यात जास्त. मोठ्या हॉलमध्ये तीनशे मुलं बसवली, सगळ्यांना एकच लेक्चर दिलं, फोटो काढला, झालं एकत्र शिक्षण असं पुष्कळांना वाटतं. पण त्या हॉलमध्ये मेडिकलची मुलं पुढे, नर्सिंगच्या मुली मागे, फार्मसीची मुलं भिंतीकडेला बसतात आणि एकमेकांशी शब्दही न बोलता बाहेर पडतात. एकाच रेल्वेडब्यात बसलेल्या प्रवाशांइतकीच त्यांची ओळख.

‘बद्दल’साठी मी एक साधी गोष्ट करते. प्रत्येकाला एक चिठ्ठी देते आणि सांगते, शेजारी बसलेल्याचा कोर्स काय शिकवतो ते लिहा. चिठ्ठ्या वाचताना दर वेळी मला वाईट वाटतं. फिजिओथेरपीसमोर ‘मालिश, शेक’. फार्मासिस्टसमोर ‘औषधं देतो’. नर्ससमोर ‘इंजेक्शन, बीपी, डॉक्टरांच्या ऑर्डर पाळणे’. ऑक्युपेशनल थेरपीसमोर बरेचदा नुसती रेघ. आणि डॉक्टरबद्दल इतर पाच जण लिहितात, ‘सगळं’. शेवटच्या वर्षाची ही मुलं. वर्षभरात एका वॉर्डात कामाला लागणार, आणि शेजारचा काय करू शकतो हे ठाऊक नाही. जे ठाऊकच नाही ते मागणार तरी कसं?

‘कडून’ मात्र खरोखर अवघड. एकमेकांबद्दल माहिती घेताना कोणाला कमीपणा वाटत नाही. पण आपल्यापेक्षा ‘खालचा’ मानलेल्याकडून शिकायचं म्हणजे मान थोडी झुकवावी लागते. कॉलेजं नेमकी इथेच थांबतात, असं माझं इतक्या वर्षांचं निरीक्षण आहे. ‘बद्दल’ आणि ‘सोबत’ झालं की कार्यक्रम संपतो.

सिकलसेलच्या त्या बेडशी ‘कडून’ कसं घडलं ते सांगते. एमबीबीएसची मुलगी बोलता बोलता म्हणाली, याच्या बहिणीची सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली आहे, म्हणजे तिलाही सिकलसेल आहे. लॅबच्या मुलाने हळूच मान हलवली. तो बोलेना. मी नुसतं त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा कुठे बोलला. सोल्युबिलिटी ही नुसती पहिली चाळणी आहे. आजारी आणि नुसता वाहक, दोघांचीही ती पॉझिटिव्ह येते. कोण एसएस, म्हणजे आजारी, आणि कोण एएस, म्हणजे वाहक, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी केल्यावरच कळतं. ती मुलगी क्षणभर थांबली आणि वहीत लिहून घेतलं. आई ऐकत होती. तिच्या दृष्टीने त्या वाक्याचा अर्थ फार मोठा होता, कारण मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होती. वाहक माणूस आजारी नसतो. फक्त जोडीदारही वाहक असेल तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक असते, म्हणून लग्नाआधी जोडीदाराची तपासणी करून घ्यावी, एवढंच. विदर्भात हा आजार घरोघरी ऐकू येतो. केंद्र सरकारने २०२३ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलं होतं. इतक्या तपासण्यांचे निकाल नीट समजावून सांगायचे तर लॅबमधल्या माणसाचं ज्ञान वॉर्डात आणि आशाताईपर्यंत पोचायला हवंच.

फार्म-डीच्या मुलाने आईला विचारलं, हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल घरी कशी देता? ती म्हणाली, दुखणं थांबलं की थांबवतो. मग त्याने सांगितलं की ही कॅप्सूल दुखणं येऊच नये म्हणून रोज घ्यायची असते, आणि तिच्याने रक्तातल्या पेशी कमी होऊ शकतात म्हणून डॉक्टर सांगतील त्या त्या दिवशी रक्त तपासायचंच. फिजिओथेरपीच्या मुलीने नर्सिंगच्या मुलाला तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र कसं धरायचं ते दाखवलं. बरगड्या दुखतात म्हणून मूल वरवर श्वास घेतं आणि मग छातीत गुंतागुंत होते. म्हणून जागेपणी दर दोन तासांनी दहा वेळा चेंडू वर ओढायचे. ती दिवसातून एकदाच येणार, तो आठ तास तिथे असणार, म्हणून हे त्याला आलंच पाहिजे. आणि जिच्या नावापुढे चिठ्ठीवर रेघ होती, त्या ऑक्युपेशनल थेरपीच्या मुलीने मुलाच्या शाळेची चौकशी केली. शेवटी तिने गुरुजींच्या नावाने चार ओळी लिहून दिल्या: याला वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी, लघवीला कधीही जाऊ द्यावं, उन्हात कवायतीला उभं करू नये. माझ्या मते त्या दिवशीचा सगळ्यात टिकाऊ उपचार तोच होता.

आता प्रश्न असा की ही मुलं इतकी परकी झालीच कशी?

नागपूरकरांना मेडिकलचं आवार माहीत आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ चं. त्याच परिसरात डेंटल, तिथेच नर्सिंग, फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी, पलीकडे सुपर स्पेशालिटी. पाच-दहा मिनिटं चाललं की कोणीही कोणाकडे पोचतं. सकाळी गेटबाहेर तर्री पोह्यांच्या ठेल्यावर ही सगळी मुलं भेटतात, पण घोळके ठरलेले. मेयोला, म्हणजे इथल्या दुसऱ्या सरकारी मेडिकल कॉलेजात, गेलात किंवा हिंगण्याकडच्या खासगी कॉलेजांत गेलात तरी चित्र हेच. अंतर जमिनीवर नाहीच, कागदावर आहे. नर्सिंगचा मूळ कायदा १९४७ चा, फार्मसीचा आणि दंतवैद्यांचा १९४८ चा (नर्सिंग आणि दंतवैद्यांसाठी २०२३ मध्ये नवे कायदे मंजूर झाले); डॉक्टरांसाठी जुनी परिषद जाऊन २०२० पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोग; फिजिओथेरपी, लॅब वगैरेंना देशपातळीवरचा कायदा मिळाला तो थेट २०२१ साली. प्रत्येकाचा अभ्यासक्रम वेगळा, तासांचं गणित वेगळं. मेडिकल, नर्सिंग, फिजिओ नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे, तर इथली फार्मसीची पदवी राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विद्यापीठाकडे. एकाची परीक्षा तेव्हा दुसऱ्याची सुटी. हे कोणी मुद्दाम केलेलं नाही. पण त्याचा परिणाम असा की मूल १८ व्या वर्षी एका खोलीत शिरतं आणि २३ व्या वर्षी बाहेर येतं, तोवर त्याच्या मनात इतरांच्या जागा ठरून गेलेल्या असतात.

या ठरून गेलेल्या जागांची किंमत मी स्वतः मोजली आहे. नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. एका रुग्णालयात मी नाइट ड्यूटीला होते. मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालेली एक आजी होती. ऑपरेशनच्या पायावर सध्या अजिबात भार द्यायचा नाही, हे सर्जननी फिजिओथेरपिस्टला तोंडी सांगितलं होतं. त्यांनी ते आपल्या विभागाच्या रजिस्टरमध्ये लिहिलं. मला संध्याकाळच्या सिस्टरकडून चार्ज, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती, मिळाला त्यात होतं: ड्रेसिंग कोरडं, जेवण घेतलं, बीपी ठीक. रात्री दोनला आजी म्हणाली, पोरी, बाथरूमला जायचंय. मी तिला प्रेमाने उठवलं, हाताला धरलं, उभं केलं. दुसऱ्या पावलाला ती कोसळली. पुन्हा ऑपरेशन झालं. माझ्याकडून खुलासा मागितला, तो मी लिहून दिला. माझी चूक होती, मी विचारायला हवं होतं. पण मला विचारायचं सुचलंच नाही, कारण चार वर्षांच्या शिक्षणात फिजिओथेरपीच्या रजिस्टरमध्ये माझ्या कामाचं काही असतं हे मला कोणी दाखवलंच नव्हतं. ती माहिती माझ्यापासून वीस पावलांवर, एका कुलूपबंद कपाटात होती.

तेव्हापासून ‘ती मुलगी मनमिळाऊ आहे, टीममध्ये छान काम करेल’ असं कोणी म्हटलं की मला पटत नाही. मीही मनमिळाऊच होते. एकत्र काम हे कसब आहे, शीर शोधण्यासारखं. ते शिकवावं लागतं, हात बसेपर्यंत करून घ्यावं लागतं.

विमानवाल्यांना हे आपल्याआधी कळलं, तेही फार मोठी किंमत देऊन. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या तेनेरिफे बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवरच धडकली आणि ५८३ माणसं गेली. उड्डाण घेणाऱ्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने शंका बोलून दाखवली होती की समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं आहे ना? अनुभवी कॅप्टनने ती उडवून लावली. पुढच्या काही वर्षांत वैमानिकांच्या प्रशिक्षणात एक नवा भाग येऊ लागला. त्यात ज्युनिअरने शंका कशी बोलायची आणि सीनिअरने ती कशी ऐकायची याचा सराव असतो.

आपल्याकडे ऑपरेशन थिएटरमध्ये असंच काही आलं ते २००८ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित शस्त्रक्रियेची यादी आली तेव्हा. १९ मुद्दे, तीन थांबे: भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी आणि पेशंट थिएटरबाहेर नेण्याआधी. दुसऱ्या थांब्यावर सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. यात काय मोठं, असं वाटेल. पण ज्याने एकदा आपलं नाव मोठ्याने सांगितलं, तो पुढे ‘सर, एक स्पंज (रक्त टिपायची घडी) कमी आहे’ हेही मोठ्याने सांगू शकतो. जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत, त्यात आपली दिल्लीही होती, ही यादी वापरून पाहिली तेव्हा ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं, गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ वर. हे निष्कर्ष २००९ चे. २०१४ मध्ये कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातल्या १०१ रुग्णालयांचा अभ्यास आला. तिथे यादी सक्तीची झाली होती, आणि फरक जवळपास काहीच दिसला नाही. मी हे दोन्ही अभ्यास विद्यार्थ्यांना शेजारी शेजारी दाखवते. कागद दोन्हीकडे एकच होता. त्यामुळे कागदावर टिक मारणं आणि थांबून एकमेकांचं ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, यावर वर्गात भरपूर वाद होतो, आणि तो व्हायलाच हवा.

बोलायचं म्हणजे नेमकं कसं, हे तर फारच बारकाईने शिकवावं लागतं. रात्री तीनला नर्स डॉक्टरांना फोन करते: “सर, बारा नंबरचा पेशंट बरा नाही वाटत. एकदा बघता का?” झोपेतून उठलेल्या माणसाला यातून काय कळणार? तो म्हणतो, बघतो सकाळी. दोघांचंही मन खट्टू. आता तीच गोष्ट अशी सांगा: “सर, मेल मेडिसिनमधून बोलतेय. बेड बाराला धाप लागली आहे, ऑक्सिजन ९६ वरून ८८ वर आलाय. सिकलसेलचा मुलगा, परवा ठणक्यासाठी दाखल, आज दुपारपासून छातीत दुखतंय. मला छातीची गुंतागुंत वाटतेय. तुम्ही आत्ता यावं, तोवर ऑक्सिजन लावतेय. आणखी काही सुरू करू का?” आत्ता काय झालं, आधी काय होतं, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवं. चारच पायऱ्या. ही पद्धत अमेरिकेच्या नौदलातून रुग्णालयांत आली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एसबार म्हणतात. तिसरी पायरी आपल्याकडच्या मुलींना सगळ्यात जड जाते. ‘मला वाटतं’ म्हणायचा हक्क आपल्याला आहे हेच त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून मी मेडिकलच्या मुलाला फोन घ्यायला बसवते आणि नर्सिंगच्या मुलीला करायला लावते, मग भूमिका उलट करते. फोन घेणाऱ्यालाही कळतं की अर्धवट माहितीवर निर्णय घेणं कसं असतं, आणि करणारीलाही कळतं की समोरचा चिडका नाही, गोंधळलेला आहे.

फोनवर ऐकून घेतलं नाही तर? तर पायरी चढायची. आधी ‘सर, मला काळजी वाटतेय.’ मग ‘मला हे बरोबर वाटत नाही.’ आणि शेवटी ‘हे पेशंटच्या जिवाला धोक्याचं आहे, थांबू या.’ मराठीत हे उद्धट न वाटता बोलता येतं. ‘सर’ आणि ‘मॅडम’ कायम ठेवून बोलता येतं. पण पहिल्यांदा तोंडातून निघायला वर्गातच निघावं लागतं, पेशंटच्या उशाशी पहिल्यांदा निघत नाही.

या सगळ्याचा उपयोग होतो याला पुरावा काय, हे विचारलंच पाहिजे. चांगल्या प्रतीचे अभ्यास गोळा करून त्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१३ मध्ये याचा आढावा घेतला. कसोटीला उतरणारे १५ अभ्यास मिळाले. सातांत फायदा दिसला, चारांत संमिश्र परिणाम, चारांत फरक नाही. म्हणजे हे रामबाण नाही. कसं शिकवता यावर बरंच काही अवलंबून आहे, आणि वाईट पद्धतीने शिकवलं तर उलटंही होऊ शकतं. मनात आधीच असलेली अढी आणखी घट्ट होते.

अढी कशाने सुटते यावर गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलेला विचार मला आजही सगळ्यात कामाचा वाटतो. दोन गट नुसते एकत्र आणून भागत नाही. त्या वेळेपुरता तरी दोघांचा दर्जा सारखा हवा, ध्येय एक हवं, एकमेकांशिवाय ते साधणार नाही अशी कामाची रचना हवी, आणि वरच्यांचा पाठिंबा दिसला पाहिजे. वर्गात याचा अर्थ अगदी बारीक होतो. खुर्च्या गोल मांडा. मार्कर पहिल्यांदा मेडिकलच्या मुलाच्या हातात देऊ नका, तो फळ्याकडे जातो आणि बाकीचे श्रोते होतात. सगळे एकाच इयत्तेच्या आसपासचे असू द्या. एमबीबीएसचा इंटर्न आणि नर्सिंगची पहिल्या वर्षाची मुलगी एकत्र बसवली तर ती कशाला बोलेल? आणि शिकवणारे दोन हवेत, दोन वेगळ्या व्यवसायांचे, जे मुलांसमोर एकमेकांना विचारतील. मेडिसिनचे ते सर मला सगळ्यांसमोर म्हणाले होते, “मॅडम, पडदा आणायचं मला सुचलं नसतं.” त्या वाक्याने जे शिकवलं ते माझ्या दहा लेक्चरनी शिकवलं नसतं. कारण मुलं बघून शिकतात. राऊंडवर मोठे सर सिस्टरकडे न बघता फाइल मागतात, तेव्हा मागे उभे असलेले वीस विद्यार्थी तेही शिकत असतात. न छापलेला अभ्यासक्रम म्हणजे हाच.

छापलेल्या अभ्यासक्रमात मात्र आता जागा आहे. २०१९ पासून आलेल्या एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात डॉक्टरच्या पाच भूमिका सांगितल्या आहेत. त्यातली एक आहे, आरोग्यसेवेतल्या टीमचा नेता आणि सदस्य. ‘सदस्य’ हा शब्द मुलांना अधोरेखित करून दाखवावा, कारण नेता व्हायचं सगळ्यांना माहीत असतं. नीतिमत्ता, वृत्ती आणि संवाद यांसाठी एटकॉम नावाचे वेगळे तासही दिलेले आहेत. त्या तासांना नर्सिंगची, फिजिओची मुलं बोलवायला कोणाची हरकत असण्याचं कारण नाही. फक्त वेळापत्रक जुळवणारा माणूस हवा आणि थोडे इंटर्नलचे मार्क हवेत. मार्क नसले की पोरं येत नाहीत, हे कटू असलं तरी खरं आहे.

स्वीडनच्या लिंशॉपिंग शहरात १९८६ पासून आरोग्याच्या वेगवेगळ्या शाखांची मुलं सुरुवातीचे आठवडे एकत्रच शिकू लागली. १९९६ मध्ये तिथे हाडांच्या विभागात असा वॉर्ड सुरू झाला की जो विद्यार्थ्यांची मिश्र टीम चालवते, शिक्षक मागे उभे असतात. आपल्याकडे एका नर्सकडे इतके पेशंट असतात की तसाच्या तसा वॉर्ड जमणार नाही. पण आपल्या जवळ दुसरी गोष्ट आहे. नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर सेवाग्रामला १९६९ पासून मेडिकल कॉलेज आहे. तिथे एमबीबीएसची प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते, गावात मुक्काम करते. तशा मुक्कामात सहाही शाखांची मुलं असली तर? गावात ‘माझा विभाग’ नसतो. एका घरात बीपीची म्हातारी, अर्धांगाचा म्हातारा, सिकलसेलची नात आणि गरोदर सून एकाच चुलीभोवती भेटतात. तिथे कोणाचं काम कुठे संपतं हे त्या घरालाच ठाऊक नसतं. मला विचाराल तर विदर्भात एकत्र शिकण्याची खरी शाळा तीच होईल.

तोवर ज्याला सुरुवात करायची आहे त्याने एक बेड निवडावा. एक पेशंट, ज्याच्या आजाराला एका माणसाचं ज्ञान पुरत नाही असा: सिकलसेल, लकवा, मधुमेहाने चिघळलेला पाय. त्याची आणि घरच्यांची परवानगी आधी घ्यावी. पाच-सहा विद्यार्थी, दोन शिक्षक, दीड तास. शेवटी सहा जणांचे सहा कागद नकोत, सगळ्यांनी मिळून लिहिलेलं एकच पान हवं, पेशंटच्या आईला वाचता येईल अशा मराठीत. आणि पान पूर्ण होण्याआधी तिला एक प्रश्न विचारायचाच. आम्ही तो आता पानाच्या वरच्या बाजूला छापूनच ठेवला आहे: “आम्ही सांगितलेल्यातलं काय तुम्हाला जमणार नाही?”